धावपट्टी कशावर जगते? उजळाईवाडी, सांबरा आणि मधले गडहिंग्लज

१/
कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिणेस, हिरण्यकेशीच्या काठी वसलेल्या गडहिंग्लजला रेल्वे नाही आणि विमानतळही नाही. तरीही साठ ते सव्वाशे किलोमीटरच्या टप्प्यात चार विमानतळ आहेत आणि ते तीन राज्यांत विभागलेले आहेत. उत्तरेस कोल्हापूरचे उजळाईवाडी, दक्षिणेस बेळगावचे सांबरा, घाटाखाली सिंधुदुर्गातील चिपी आणि गोव्यातील मोपा. अशा गावाने स्वतःची छोटी धावपट्टी मागावी काय? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी नव्वद वर्षांचा इतिहास चाळावा लागतो. हा थ्रेड त्यासाठी.

२/
आधी एक संज्ञा. नियमित प्रवासी कंपन्यांची विमाने आणि लष्करी विमाने वगळली की उरते ती सामान्य विमानवाहतूक. वैमानिकांचे प्रशिक्षण, रुग्णवाहू विमाने, पिकांवरील फवारणी, जमिनीचे सर्वेक्षण, आपत्तीतील मदत आणि खासगी विमाने हे सारे तिच्यात येते. जगातील बहुतेक लहान विमानतळ या कामांसाठी आहेत. आपल्याकडे मात्र विमानतळ म्हटले की मुंबईचे तिकीट एवढेच डोळ्यांसमोर येते. साऱ्या गोंधळाचे मूळ इथेच आहे.

३/
गडहिंग्लजचे भौगोलिक स्थान समजून घ्यायचे तर १८४४ साल आठवावे. कोल्हापूर संस्थानातील गडकऱ्यांनी सामानगडावर बंड केले. ते मोडण्यासाठी कंपनी सरकारची फौज आली ती बेळगावच्या छावणीतून. राज्यकारभार कोल्हापूरचा, पण तातडीची कुमक बेळगावची! या मुलखाची ही दुहेरी ओढ आजही तशीच आहे. सातबारा आणि जिल्हाधिकारी कचेरी कोल्हापुरात, तर बाजारहाटासाठी आणि मोठ्या दवाखान्यासाठी अनेकांचे पाय बेळगावकडे वळतात.

४/
दुसरा धडा रेल्वेचा. मिरज ते कोल्हापूर हा लोहमार्ग १८९१ मध्ये सुरू झाला. खर्च कोल्हापूर दरबाराचा. पण दरबार रूळ टाकून स्वस्थ बसला नाही. १८९५ मध्ये शाहू महाराजांनी स्थानकालगत शाहूपुरी ही गुळाची बाजारपेठ वसवली. त्यामुळे गाडीला वाहून नेण्यासाठी माल मिळाला आणि मालाला गाडी मिळाली. दळणवळणाचे साधन आणि त्याला पुरेल एवढे काम यांची जोडी घालून देणे ही राज्यकर्त्याची जबाबदारी आहे, हे त्या काळी ओळखले गेले होते.

५/
पुढे विमाने आली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला टपाल आणले. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की हिंदुस्थानातील नागरी उड्डाणाचा आरंभ प्रवाशांनी केला नाही, टपालाने केला. टपालाचे काम ठरलेले होते, नियमित होते, म्हणून विमान उडत राहिले. १९३५ मध्ये मुंबईहून गोवा व कन्नूरमार्गे तिरुअनंतपुरमची सेवा निघाली, तीही त्रावणकोर दरबाराने त्यात रस घेतला म्हणून.

६/
संस्थानिकांच्या या पिढीतले एक म्हणजे कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज. १९२२ मध्ये शाहू महाराजांच्या निधनानंतर ते गादीवर आले. कोल्हापूरला उच्च न्यायालय मिळाले ते त्यांच्या कारकिर्दीत, १९३१ मध्ये. चित्रपटसृष्टीला त्यांचा आश्रय होता. आणि १९३९ मध्ये उजळाईवाडीच्या माळावर विमानतळ उभा राहिला तोही त्यांच्याच पुढाकाराने. आज त्या विमानतळाला त्यांचे नाव आहे, ते योग्यच आहे.

७/
पण १९४० मध्ये महाराजांचे निधन झाले. महायुद्ध पेटले होते. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. १९५३ मध्ये देशातील विमान कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. ज्या दरबाराच्या इच्छेने धावपट्टी उभी राहिली तो दरबारच उरला नाही आणि नव्या व्यवस्थेत कोल्हापूर हे अनेक जिल्ह्यांपैकी एक झाले. रेल्वेला शाहूपुरी मिळाली होती. विमानतळाला तशी जोड मिळण्याआधीच त्याचा पालक गेला.

८/
आता सांबऱ्याकडे पाहू. हा विमानतळ १९४२ च्या सुमारास ब्रिटिश हवाई दलाने युद्धाच्या गरजेपोटी बांधला. स्वातंत्र्यानंतर तो ओस पडला नाही. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्तीच्या मोहिमेत भारतीय हवाई दलाने जे तळ वापरले त्यांत पुण्याबरोबर सांबराही होता. बांबोळीच्या पोर्तुगीज बिनतारी केंद्रावर हल्ला करणारी हंटर विमाने याच मोहिमेतली. पुढे हवाई दलाची प्रशिक्षण संस्था तिथे रुजली. प्रवासी येवोत न येवोत, सांबऱ्याला काम होते.

९/
तिसरे उदाहरण कराडचे. तिथली धावपट्टी १९५० च्या दशकातली, कोयना प्रकल्पाच्या काळातली. धरण आणि वीजकेंद्राच्या कामासाठी अभियंते व अधिकारी यांना वेळेत पोहोचवणे ही तिची गरज होती. धरण झाले, गरज ओसरली आणि धावपट्टी मागे राहिली. विस्ताराची चर्चा पुढे अनेकदा निघाली. प्रत्येक वेळी आजूबाजूच्या बागायतदारांचा पहिला प्रश्न एकच होता: आमची पाण्याखालची जमीन कोणत्या कामासाठी हवी आहे?

१०/
२६ जानेवारी १९८१ रोजी ‘वायुदूत’ स्थापन झाली. एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स यांचे हे संयुक्त अपत्य. आरंभी उद्देश ईशान्य भारताचा होता. मग देशभरातल्या छोट्या गावांची यादी वाढत गेली. डॉर्नियरसारखी लहान विमाने, थोडे प्रवासी, मोठा खर्च. प्रत्येक खासदाराला आपल्या मतदारसंघात वायुदूत हवी होती, पण वायुदूतला तिथे काय हवे आहे हे कोणी विचारले नाही. तोटा साचत गेला आणि १९९३ मध्ये ती इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली.

११/
महाराष्ट्राने पुढे दुसरा मार्ग चोखाळला. २००९ मध्ये नांदेड, लातूर, यवतमाळ, उस्मानाबादसह पाच विमानतळ एका खासगी कंपनीला तब्बल ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले गेले. अपेक्षा अशी की खासगी भांडवल येईल आणि पाठोपाठ विमाने येतील. वर्षे उलटली. अपेक्षित विकास झाला नाही आणि विमानतळ परत घेण्याची वेळ राज्यावर आली. मालक बदलल्याने धावपट्टीला काम मिळत नाही, एवढे यातून सिद्ध झाले.

१२/
मग आली ‘उडान’. योजना २०१६ ची, पहिले उड्डाण २७ एप्रिल २०१७ रोजी शिमला ते दिल्ली. तिची रचना अशी: सुमारे तासाभराच्या प्रवासासाठी काही आसनांचे भाडे अडीच हजार रुपयांच्या आसपास रोखायचे, कंपनीला येणारी तूट तीन वर्षे सरकारने भरून द्यायची आणि त्यासाठीचा पैसा मोठ्या मार्गांवरील उड्डाणांवर आकार लावून उभा करायचा. या तुटीत राज्य सरकारचाही वाटा असतो. तीन वर्षांत मार्ग स्वतःच्या पायांवर उभा राहील, हे गृहीतक.

१३/
हे गृहीतक कितपत खरे ठरले? ‘कॅग’ने २०२३ मधील अहवालात योजनेच्या तिसऱ्या फेरीपर्यंतचा हिशेब मांडला. ७७४ मार्ग मंजूर झाले होते. त्यांपैकी ४०३ मार्गांवर विमान उडालेच नाही. उडालेल्या ३७१ मार्गांपैकी ११२ मार्गांनी सवलतीची तीन वर्षे पूर्ण केली. सवलत संपल्यावरही मार्च २०२३ पर्यंत टिकून राहिले ते केवळ ५४. मंजूर मार्गांच्या शंभरात सात! वायुदूतचा जुना धडा नव्या वहीत पुन्हा लिहिला गेला.

१४/
या आकड्यांत कोल्हापूरची बाजू तुलनेने उजळ आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. अनेक वर्षांच्या खंडानंतर एप्रिल २०१८ मध्ये सेवा पुन्हा सुरू झाली. कंपन्या आल्या, गेल्या, काही बंदही पडल्या. पण हैदराबाद, बंगळूरसारखे मार्ग मिळत गेले. पूर्वी सुमारे १,३७० मीटर असलेली धावपट्टी वाढवली गेली, रात्रीच्या उड्डाणांची सोय झाली आणि मार्च २०२४ मध्ये नवी इमारत खुली झाली. मागे उभे असलेले उद्योग, साखर, वस्त्रोद्योग आणि अंबाबाईचे भाविक यांच्यामुळे हे शक्य झाले.

१५/
चिपीचे चित्र वेगळे. ९ ऑक्टोबर २०२१ रोजी मोठ्या समारंभाने हा विमानतळ सुरू झाला. लांब धावपट्टी, देखणी इमारत, पर्यटनाची स्वप्ने. पण सवलतीची तीन वर्षे सरताच मुंबईची सेवा खंडित झाली. दरम्यान मोपा सुरू झाले होते आणि तळकोकणातला प्रवासी साहजिकच जिथे विमाने अधिक तिथे गेला. दोन विमानतळ जवळजवळ असले की दुबळा आधी दमतो. गडहिंग्लजभोवती तर असे चार आहेत.

१६/
मग लहान धावपट्ट्या जगतच नाहीत काय? जगतात. गोंदियाजवळची बिरसीची धावपट्टी युद्धकाळातली. आज ती वैमानिक घडवणाऱ्या संस्थेमुळे जिवंत आहे. धुळ्याच्या धावपट्टीवर मुंबईच्या जुन्या फ्लाइंग क्लबची विद्यार्थी विमाने उतरतात. रत्नागिरीची धावपट्टी तटरक्षक दलाला उपयोगी पडते. या तिन्ही ठिकाणी तिकीट खिडकीवरच्या गर्दीने विमानतळ तगलेला नाही. रोज सकाळी कोणीतरी ठरलेल्या कामासाठी तिथे हजर असते, म्हणून तो तगला.

१७/
बाहेरच्या जगातही हेच दिसते. अमेरिकेत सार्वजनिक वापराचे सुमारे पाच हजार विमानतळ आहेत आणि त्यांतील बहुतेकांवर नियमित प्रवासी सेवा नाही. तिकिटे व इंधन यांवरील करांतून उभ्या राहणाऱ्या निधीतून त्यांतील हजारोंना दुरुस्तीसाठी अनुदान मिळू शकते, कारण त्यांच्याकडे गावच्या रस्त्यासारखे पाहिले जाते. ऑस्ट्रेलियात १७ मे १९२८ रोजी क्लोनकरीहून पहिला ‘उडता डॉक्टर’ निघाला. दूरवरच्या मेंढपाळ वस्त्यांना विमान हवे होते ते डॉक्टर आणण्यासाठी. ती सेवा आजही चालू आहे.

१८/
या कसोटीवर गडहिंग्लजला तपासू. इथून कोण उडेल? ऊस कारखान्यात जातो, मिरची बाजार समितीत, आजरा-चंदगडचा काजू ट्रकमध्ये. यांतला कोणताही माल विमानाची वाट पाहत नाही. मुंबईला गेलेली कुटुंबे गणपतीला, यात्रेला आणि मे महिन्यात येतात आणि रात्रीच्या बसने येतात. सुट्टीवर येणाऱ्या जवानाला रेल्वेचे आरक्षण आणि स्थानकावरून एसटी मिळाली तरी पुरे असते. चार सणांची गर्दी वर्षभर रोजचे विमान भरू शकत नाही.

१९/
प्रशिक्षण संस्था आणता येईल, असे कोणी म्हणेल. प्रशिक्षणाला मोकळे आकाश, कोरडी हवा आणि वर्षातले अधिकाधिक उड्डाणयोग्य दिवस लागतात. पश्चिम घाटाच्या पायऱ्यांवर वसलेल्या या भागात पावसाळ्याचे चार महिने ढग खाली उतरतात. गोंदिया आणि धुळे यांच्याशी या बाबतीत स्पर्धा करणे कठीण. फवारणीसाठी? इथली शेते तुकड्यातुकड्यांची, बांध शेजाऱ्याचा. ते काम आता ड्रोन करू लागले आहेत आणि त्यांना धावपट्टी लागत नाही.

२०/
आणि जमीन? साधी हजार-बाराशे मीटरची पट्टी, तिच्या बाजूची सुरक्षित मोकळी जागा, रस्ता, कुंपण हे सारे सपाट जमिनीवरच होते. गडहिंग्लज तालुक्यात सपाट म्हणजे बहुधा भिजणारी जमीन. चित्री धरणाचे पाणी हिरण्यकेशीच्या काठाला मिळवण्यासाठी इथल्या माणसांनी वर्षानुवर्षे वाट पाहिली. शक्तिपीठ महामार्गाला कोल्हापूर जिल्ह्यातून झालेला विरोध ताजा आहे. जमीन देणाऱ्याला त्या बदल्यात नेमके काय मिळणार, हे सांगता येत नसेल तर ती मागण्याचा अधिकारही उरत नाही.

२१/
यावर एक प्रतिवाद आहे आणि तो दुबळा नाही. ‘आधी सोय, मग वापर. १८९१ मध्ये गाडी आली तेव्हा शाहूपुरी कुठे होती?’ बरोबर आहे. पण शाहूपुरी आपोआप उगवली नाही. ती वसवली गेली, आणि गूळ आधीपासून पिकत होताच. आजच्या घोषणांत धावपट्टीची लांबी असते, कोनशिलेची तारीख असते, शाहूपुरी मात्र कुठेच नसते. अशी धावपट्टी अखेरीस उपयोगी पडते ती प्रचाराच्या दिवसांत नेत्यांच्या विमानांना आणि एरवी कडबा वाळवायला.

२२/
म्हणून गडहिंग्लजकरांनी काहीच मागू नये काय? उलट, अधिक नेमके मागावे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पुणे-बंगळूर महामार्ग कित्येक दिवस बंद होता. २०२१ मध्ये पुन्हा तेच. पंचगंगेने कोल्हापूरची वाट अडवली आणि हिरण्यकेशी-घटप्रभेने तालुक्यातले पूल व बंधारे पाण्याखाली घेतले. अशा दिवशी हृदयविकाराचा रुग्ण, अडलेली बाळंतीण किंवा सर्पदंश झालेला शेतमजूर यांना विमानाचे तिकीट नको असते. त्यांना तासाभरात मोठ्या रुग्णालयात पोहोचायचे असते.

२३/
त्यासाठी मैलभर धावपट्टी लागत नाही. पुराची रेषा जिथे पोहोचत नाही अशा उंचवट्यावर, उपजिल्हा रुग्णालयाशी चांगल्या रस्त्याने जोडलेला, दिवे असलेला, कुंपण असलेला आणि वर्षभर निगा राखलेला हेलिपॅड पुरतो. एक-दोन एकरांचे काम. ऋषिकेशच्या ‘एम्स’मधून २०२४ मध्ये हेलिकॉप्टर रुग्णवाहिका सुरू झाली, म्हणजे सरकारी रुग्णालयाला हे जमते. दाट ढगांत हेलिकॉप्टरही उडत नाही, ही मर्यादा आहेच. पण पूर ओसरण्याआधी आकाश उघडते, आणि ते काही तास कोणाचे तरी आयुष्य असू शकतात.

२४/
दुसरी मागणी रस्त्याची. संकेश्वर-बांदा महामार्ग गडहिंग्लजमधून आजरा, आंबोलीकडे जातो. त्याचे एक टोक पुणे-बंगळूर महामार्गाला मिळते आणि दुसरे मोपाच्या दारात पोहोचते. गडहिंग्लजचा खरा विमानतळ हा रस्ता आहे. तो पावसाळ्यात शाबूत राहावा, आणि उजळाईवाडी व सांबरा येथील विमानांच्या वेळा पाहून एसटी सुटावी. आज उजळाईवाडीला उतरलेल्या माणसाला गडहिंग्लज गाठायचे तर आधी कोल्हापूरचे बसस्थानक गाठावे लागते. विमानाने वाचवलेला वेळ असा फलाटावर जातो.

२५/
तिसरी मागणी सर्वांत अवघड, कारण ती सीमेपलीकडची आहे. उजळाईवाडी आणि सांबरा हे एकाच मुलखाचे दोन विमानतळ आहेत. तरी दोन्ही राज्ये आपापल्या विमानतळाचे नियोजन दुसरा अस्तित्वातच नाही अशा थाटात करतात. एकाकडे सकाळचे विमान असेल तर दुसऱ्याने संध्याकाळचे मागावे, एवढे साधे गणित कोणी मांडत नाही. सीमावाद न्यायालयात चालू राहील. गडहिंग्लज, चंदगड, निपाणी, हुक्केरीच्या रुग्णाला मात्र निकालापर्यंत थांबता येत नाही.

२६/
राजाराम महाराजांनी १९३९ मध्ये माळावर धावपट्टी आखली तेव्हा ते काळाच्या पुढे होते. त्यांची नक्कल करायची म्हणून प्रत्येक तालुक्यात माळ शोधत हिंडण्याची गरज नाही. त्यांच्या वडिलांनी स्थानकाशेजारी बाजारपेठ वसवली, ती दृष्टी उचलावी. आधी काम ठरवावे, मग त्या कामाला लागेल तेवढीच जमीन मागावी. पुढच्या वेळी गडहिंग्लजच्या सभेत कोणी विमानतळाचे आश्वासन दिले, तर टाळ्यांआधी एक प्रश्न उठला पाहिजे: उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे कोण, कशासाठी उतरणार?